'भ्रष्टाचार' : शब्दाचा उगम आणि नेमका अर्थ

प्रश्न थोडक्यात असा आहे : 'भ्रष्टाचार' हा शब्द कसा घडला, त्याचा मूळ अर्थ काय, पैसे खाण्याशी तो कसा जोडला गेला, आणि लाच, अपहार, गैरव्यवहार हे शब्द त्याच्या जागी वापरले तर चालतात का?

उत्तराचा गाभा आधी. भ्रष्टाचार म्हणजे ठरलेल्या जागेवरून घसरलेले आचरण. या शब्दात पैसा कुठेच नाही. आहे ती घसरण, आणि घसरण म्हटली की ती कशावरून झाली हे सांगावे लागते. या 'कशावरून'ची जागा काळाप्रमाणे बदलत गेली. कधी ते मनगट होते, कधी सिंहासन, कधी व्रत, कधी जातीचा आचार, आणि आज ते बहुतेक वेळा सार्वजनिक पदाचे कर्तव्य असते. शब्दाचा इतिहास म्हणजे या बदलत्या जागांचा इतिहास आहे, आणि त्याच्या वापरात होणाऱ्या बहुतेक चुका ती जागा न सांगितल्यामुळे होतात.

धातू आणि रूप

'भ्रष्ट' हे 'भ्रंश्' या संस्कृत धातूचे भूतकालवाचक धातुसाधित. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे धातूंच्या गणवार यादीत, दिवादिगणात (दिव् पासून सुरू होणाऱ्या गटात) या धातूचा अर्थ 'अधःपतने', म्हणजे खाली पडणे, असा दिला आहे. तिथे त्याचे रूप भ्रश्यति. भ्वादिगणातले (भू पासून सुरू होणाऱ्या गटातले) रूप भ्रंशते.

भ्रष्ट हे रूप असे सिद्ध होते. भ्रंश् ला 'क्त' प्रत्यय लागतो आणि त्यातला 'त' उरतो. प्रत्यय कित्, म्हणजे क् हे सूचक अक्षर असलेला, असल्यामुळे धातूतला अनुनासिक गळतो (अष्टाध्यायी ६.४.२४) आणि राहते भ्रश् + त. पुढे त आल्याने श् चा ष् होतो (८.२.३६). ष् च्या शेजारी आलेल्या त चा ट होतो (८.४.४१). झाला भ्रष्ट. दृश् पासून दृष्ट, नश् पासून नष्ट, स्पृश् पासून स्पृष्ट हे शब्दही याच श्-ष्-ट च्या वाटेने येतात. पतित, लिखित यांच्यासारखा मधे 'इ' का येत नाही, अशी शंका व्याकरण शिकणाऱ्याला येतेच. धातू उदित् आहे, म्हणजे धातुपाठात त्याला सूचक 'उ' जोडला आहे, म्हणून क्त्वा प्रत्ययापूर्वी त्याला 'इ' विकल्पाने येतो; आणि ज्याला असा विकल्प आहे त्याला क्त प्रत्ययापूर्वी 'इ' होत नाही (७.२.१५). 'भ्रंशित' हे रूप संस्कृतात आहे, पण ते प्रयोजकाचे : कोणीतरी घसरवलेला, पाडलेला. भ्रष्ट म्हणजे स्वतः घसरलेला. हा फरक पुढे लागणार आहे.

दोन धातूंशी याची गल्लत होते. पहिला भ्रम्, म्हणजे भटकणे, गरगरणे. त्याचे धातुसाधित 'भ्रान्त'. मराठीतला 'भ्रमिष्ट' या भ्रमाच्या घरातला आहे, भ्रष्टाच्या नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ६३ व्या श्लोकात हे दोन्ही धातू शेजारीशेजारी आले आहेत : 'सम्मोहात्स्मृतिविभ्रमः । स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशः'. आधी स्मृती गोंधळते, मग ती निसटते. कवीने दोन वेगळे शब्द दोन वेगळ्या पायऱ्यांसाठी योजले आहेत. दुसरा धातू भ्रस्ज्, म्हणजे भाजणे. त्याचे रूप 'भृष्ट', र ऐवजी ऋकार असलेले. आयुर्वेदाच्या पाठात 'भृष्ट' जिरे किंवा 'भृष्ट' तांदूळ दिसले तर ते भाजलेले समजावे.

सुरुवातीला पडत होते ते कंकण

भ्रंश् चा जुना वापर अगदी साधा, डोळ्यांना दिसणारा आहे. मेघदूताच्या दुसऱ्याच श्लोकात यक्षाला 'कनकवलयभ्रंशरिक्तप्रकोष्ठः' म्हटले आहे. विरहाने तो इतका वाळला की सोन्याचे कडे हातातून गळून पडले आणि मनगट रिकामे झाले. शाकुंतलात शचीतीर्थावर शकुंतलेच्या बोटातून अंगठी गळून पडते, तिथेही हाच धातू 'प्र' उपसर्गासह आला आहे. दोन्हीकडे पाप नाही, दोष नाही. एक वस्तू आपल्या जागेवरून सुटली, एवढेच.

वैद्यकाने हा अर्थ तसाच जपला. गुदभ्रंश म्हणजे तो अवयव जागेवरून खाली सरकणे. स्मृतिभ्रंश हा आज मराठीत एका आजाराचा रूढ शब्द आहे आणि त्या रुग्णाला कोणी अनीतिमान म्हणत नाही. वनवासाला गेलेला राम राज्यभ्रष्ट होता आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नव्हता. स्थानभ्रष्ट, पदभ्रष्ट, मार्गभ्रष्ट, लक्ष्यभ्रष्ट हे सगळे शब्द अजूनही तटस्थपणे वापरता येतात.

व्रताकडे वळल्यावर शब्दाला नैतिक छटा येऊ लागते, पण तीही सौम्य. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन विचारतो, की श्रद्धा आहे पण प्रयत्न पुरा पडला नाही, असा माणूस 'उभयविभ्रष्ट' होऊन फाटलेल्या ढगासारखा नाहीसा होतो का? (६.३८) 'इतो भ्रष्टस्ततो भ्रष्टः' हे आपण रोज वापरतो ते वचन याच कल्पनेतले. श्रीकृष्णाचे उत्तर फार महत्त्वाचे आहे : योगभ्रष्ट माणूस शुद्ध आचरणाच्या, श्रीमंत घरात पुन्हा जन्माला येतो (६.४१). म्हणजे 'भ्रष्ट' ही तिथे शिवी नाही, कायमचा शिक्काही नाही. घसरलेला माणूस जिथून घसरला तिथून पुढे चालू शकतो.

याच धातूने आपल्या भाषेच्या पूर्वजालाही नाव दिले. पतंजलीने महाभाष्यात म्हटले आहे की एकेका शब्दाचे पुष्कळ अपभ्रंश असतात. 'गौः' या एका शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका वगैरे. संस्कृत व्याकरणाच्या जागेवरून घसरलेले म्हणून ते अपभ्रंश. पुढे प्राकृतानंतरच्या भाषांच्या टप्प्यालाच अपभ्रंश म्हणू लागले. ज्या रूपांना वैयाकरणांनी घसरलेली मानले, तशाच रूपांतून आजच्या भाषा उभ्या राहिल्या. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत 'भ्रष्ट पाठ' म्हणतात तोही याच अर्थाने : नक्कल करताना मूळ जागेवरून सरकलेली अक्षरे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा अशा पाठांसाठी त्यांनी 'अबद्ध' हा शब्द वापरला आहे.

घसरण कशावरून, हा प्रश्न व्याकरणातच आहे

भ्रंश् अकर्मक आहे आणि त्याला पंचमी लागते. राज्यात् भ्रष्टः, मार्गात् भ्रष्टः. राज्यभ्रष्ट, मार्गभ्रष्ट हे सगळे पंचमी तत्पुरुष. मराठीतही आपण मार्गावरून ढळला, पदावरून घसरला असेच म्हणतो.

पंचमीमागचे पाणिनीचे सूत्र आहे 'ध्रुवमपायेऽपादानम्' (१.४.२४). एखादी गोष्ट दूर जात असताना जे स्थिर असते ते अपादान. पान झाडावरून पडते, तेव्हा झाड ध्रुव. पण धावत्या घोड्यावरून माणूस पडला तर? घोडा तर स्थिर नाही. वैयाकरणांनी हा प्रश्न नीट चर्चिला आणि 'धावतोऽश्वात् पतति' हे उदाहरण परंपरेत कायमचे राहिले. उत्तर असे, की ध्रुव म्हणजे कायम अचल असे नव्हे. त्या पडण्याच्या संदर्भात, जिथून पडणे मोजायचे ती जागा म्हणून जे धरले आहे ते ध्रुव. घोडा धावत असला तरी पडणाऱ्याच्या दृष्टीने तोच ठरलेली जागा आहे.

भ्रष्टाचार समजून घ्यायला याहून उपयोगी सूत्र नाही. नियम बदलतात, कायदे बदलतात, समाजाच्या अपेक्षा बदलतात. तरीही एखाद्या क्षणी, एखाद्या पदावर बसलेल्या माणसासाठी काहीतरी ध्रुव धरलेले असते. ते काय आहे हे सांगता आले तरच 'भ्रष्ट' या शब्दाला अर्थ राहतो. नाहीतर तो नुसता राग व्यक्त करणारा शब्द होतो.

'आचार'चा अर्थ आपण समजतो त्यापेक्षा वेगळा आहे

आचार म्हणजे आ हा उपसर्ग + चर् धातू + नाम बनवणारा घञ् प्रत्यय. चर् म्हणजे चालणे, वागणे. या धातूचे कुटुंब मोठे आहे, आणि प्रत्येकाची दिशा उपसर्ग ठरवतो. अत्याचार म्हणजे आचाराची मर्यादा ओलांडणे. १९२० च्या सुमारास मराठीत अहिंसक असहकाराला 'अनत्याचारी असहकार' म्हणत; आज वृत्तपत्री मराठीत 'अत्याचार' बराचसा लैंगिक गुन्ह्यापुरता उरला आहे. अनाचार म्हणजे आचाराचा अभाव, दुराचार म्हणजे वाईट आचार. व्यभिचार हा तर न्यायशास्त्राचा पारिभाषिक शब्द आहे : जिथे साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नाही तिथेही हेतू, म्हणजे तिच्यासाठी दिलेले कारण, आढळला तर तो हेतू 'सव्यभिचार', म्हणजे एकनिष्ठ नसलेला. नवराबायकोच्या नात्यातला व्यभिचार आणि तर्कातला व्यभिचार यांची कल्पना एकच आहे.

भ्रष्टाचार या समासाची फोड दोन प्रकारे होते. 'भ्रष्ट असा आचार' अशी केली तर कर्मधारय, आणि शब्द कृतीचे नाव ठरतो. 'भ्रष्ट आहे आचार ज्याचा तो' अशी केली तर बहुव्रीही, आणि शब्द माणसाचे विशेषण होतो. मराठीने पहिला अर्थ घेतला आणि माणसासाठी वेगळा 'भ्रष्टाचारी' केला. म्हणून 'तो भ्रष्टाचार आहे' हे आज चुकीचे वाटते, जरी बहुव्रीहीच्या नियमाने ते अशुद्ध नाही.

धर्मशास्त्रात आचार म्हणजे नैतिकता एवढेच नव्हते. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आहेत : आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. आचारात संस्कार, विवाह, स्नान, भोजन, दान, श्राद्ध आणि राजाची कर्तव्ये. व्यवहारात खटले आणि देण्याघेण्याचे वाद. म्हणजे जुन्या मांडणीत 'भ्रष्टाचार' पहिल्या अध्यायाचा शब्द ठरेल आणि 'गैरव्यवहार' दुसऱ्याचा. लाचखाऊ अधिकाऱ्यांची शिक्षा मात्र आचाराध्यायातच, राजधर्माच्या प्रकरणात आहे : लाचेवर जगणाऱ्यांचे द्रव्य काढून घेऊन त्यांना देशाबाहेर घालवावे. तिथला शब्द 'उत्कोचजीविन्'.

आचाराचा हा रोजच्या विधींचा अर्थ महाराष्ट्रात फार काळ जिवंत होता. भ्रष्ट होणे म्हणजे बाटणे, कोणाच्या हातचे खाणे, कोणाच्या पंगतीला बसणे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा घेतल्यावरून टिळक आणि रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताचा वाद झाला. आजच्या अर्थाने त्यात भ्रष्टाचाराचा लवलेश नाही. तेव्हाच्या अर्थाने मात्र तो आचारातून ढळण्याचाच प्रश्न होता. धावता घोडा म्हणतात तो हा.

या विधींच्या अर्थाने माणसांचे फार नुकसान केले आहे. शिवाशिव पाळणाऱ्या समाजाने माणसाच्या स्पर्शालाच भ्रष्ट करणारी गोष्ट मानले. आणि बाईवर अत्याचार झाला तर 'तिला भ्रष्ट केले' अशी भाषा वापरली. वर सांगितलेला भ्रंशित आणि भ्रष्ट हा भेद इथे आठवावा. घसरला तो अत्याचार करणारा. 'भ्रष्ट' हे विशेषण तिला लावणे व्याकरणाने चूक आणि न्यायानेही चूक. हा प्रयोग आज कोणीही, कोणत्याही मजकुरात करू नये.

मग पैसे खाण्याला जुने लोक काय म्हणत?

शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. तिच्यासाठी संस्कृतात पुरेसे नेमके शब्द होते. मनुस्मृतीत (९.२५८) उघड्या चोरांच्या यादीत 'उत्कोचक' पहिला आहे. दुसरा शब्द लंचा. पालीत तो 'लंच' असा येतो. मराठी लाच, गुजराती लांच, कन्नड लंच, तेलुगू लंचमु, तमिळ लंजम् हे सगळे याच घरातले. म्हणजे लाच हा शब्द आपल्याकडे बोलीतून, पिढ्यांच्या तोंडून आला. भ्रष्टाचार पोथीतून जसाच्या तसा उचलला गेला. ध्वनीवरूनही हे कळते. भ्रष्टचे प्राकृत रूप भट्ठ. नष्टचे प्राकृत नट्ठ आणि त्यातून जुन्या मराठीत नाठणे आले, दृष्टीचे दिट्ठि आणि त्यातून दिठी. त्याच नियमाने भ्रष्टचे मराठीत 'भाठ' व्हायला हवे होते. ज्या अर्थी आपण भ्र आणि ष्ट दोन्ही जोडाक्षरे शाबूत उच्चारतो, त्या अर्थी शब्द तत्सम आहे.

सर्वात बारीक मांडणी कौटिल्याची. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचा (भागाचा) आठवा अध्याय नोकरांनी लांबवलेला महसूल परत कसा मिळवावा याबद्दलच आहे. त्यात खजिना कमी होण्याची आठ कारणे आहेत. येणे वसूल न करणे, किंवा वसूल करून खात्यात न भरणे हा प्रतिबंध. त्याला दशांश दंड. सरकारी द्रव्य व्याजाने लावणे हा प्रयोग आणि त्यावर व्यापार करणे हा व्यवहार. दोहोंना नफ्याच्या दुप्पट दंड. मुदत झाली असता झाली नाही आणि झाली नसता झाली असे दाखवणे हा अवस्तार. ठरलेले उत्पन्न कमी दाखवणे किंवा खर्च फुगवणे हे परिहापण. त्याला तुटीच्या चौपट दंड. सरकारी वस्तू स्वतः वापरणे किंवा इतरांना वापरू देणे हा उपभोग. चांगली वस्तू काढून तिच्या जागी दुसरी ठेवणे हे परिवर्तन. आणि जमा झालेली रक्कम न भरणे, मंजूर खर्च न देणे, हातातली शिल्लक नाकबूल करणे हा अपहार. त्याला बारापट दंड. यापुढे तो पैसे लांबवण्याचे चाळीस उपाय मोजतो.

या सबंध यादीवर 'भ्रष्टाचार' असे एक नाव कौटिल्य लावत नाही. त्याला प्रत्येक कृतीचे वेगळे नाव हवे आहे, कारण प्रत्येकाचा पुरावा वेगळा आणि दंड वेगळा. आजचा लेखापरीक्षकही असेच पाहतो.

पुढच्या, म्हणजे नवव्या अध्यायातले एक वाक्य मराठी माणसाने मुद्दाम वाचावे. जो महसूल कमी करतो तो राजाचे धन 'भक्षयति', खातो. जो महसूल दुप्पट वसूल करतो तो जनपद खातो. जो सगळा महसूल खर्चात घालवतो तो माणसांचे श्रम खातो. आपण 'पैसे खाल्ले' म्हणतो, खाबूगिरी म्हणतो, मलिदा लाटला म्हणतो, ती कल्पना इतकी जुनी आहे. आणि त्यातला दुसरा प्रकार आज पुष्कळांच्या लक्षात येत नाही : ठरल्यापेक्षा जास्त वसूल करून सगळे तिजोरीत भरणारा अधिकारीही कौटिल्याच्या हिशेबात खाणाराच आहे, त्याने देश खाल्ला.

मराठीच्या राज्यकारभारात या शब्दांवर फारसीचा थर बसला. रुशवत म्हणजे लाच. वशिला मुळात अरबी, साधन किंवा मध्यस्थ. गफला हा गफलतीचा सोयरा. अफरातफर हा शब्द तर पाहण्यासारखा आहे : मूळ अरबी जोडी इफ्रात आणि तफ्रीत, म्हणजे अति आणि उणे. हिंदीत त्याचा अर्थ गोंधळ, पळापळ झाला. मराठीने हिशेबातले अति-उणे धरले आणि तो रकमेच्या गैरवापराला लावला. गैरव्यवहार या शब्दात गैर अरबी आणि व्यवहार संस्कृत.

आजचा अर्थ

सार्वजनिक पदाचा दुरुपयोग हा अर्थ विसाव्या शतकात रुळला, इंग्रजी कारभारातल्या 'करप्शन'ला प्रतिशब्द म्हणून. त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'रुम्पेरे' म्हणजे मोडणे, फुटणे आहे. तिकडे वस्तू आतून मोडते, आपल्याकडे ती जागेवरून सरकते. प्रतिशब्द म्हणून दोन्ही जुळले, पण चित्र वेगळे आहे. साठच्या दशकात गुलझारीलाल नंदांनी काढलेल्या संस्थेचे नाव 'संयुक्त सदाचार समिती' होते. म्हणजे तोवर विरुद्धार्थी शब्दही सदाचार हाच धरला जात होता.

कायद्यात शब्द शीर्षकात आहे, व्याख्येत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधाचा १९४७ चा पहिला केंद्रीय कायदा आणि त्याची जागा घेणारा १९८८ चा कायदा, दोन्हींच्या नावात भ्रष्टाचार आहे, पण १९८८ च्या कायद्याच्या व्याख्यांत भ्रष्टाचाराची व्याख्या सापडणार नाही. व्याख्या आहेत त्या लोकसेवक, सार्वजनिक कर्तव्य आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर अनुचित लाभ यांच्या. हे बरोबरच आहे. घसरणीची व्याख्या करण्याऐवजी कायद्याने ध्रुव ठरवला : सार्वजनिक कर्तव्य.

१९८८ च्या कायद्याचे कलम ७ लोकसेवकाने अनुचित लाभ घेण्याबद्दल आहे. शिक्षा कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षे. लाभ पैशाचाच हवा असे नाही. कलम ८ लाच देणाऱ्याबद्दल आहे. पण ज्याला ती जबरदस्तीने द्यावी लागली त्याने ७ दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले तर त्याला हे कलम लागत नाही. कलम १३ मध्ये ताब्यातल्या मालमत्तेचा अपहार आणि बेकायदा संपत्ती जमवणे येते. शिक्षा ४ ते १० वर्षे. लाच सिद्ध व्हायला मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ मध्ये हे कायम ठेवले, आणि तक्रारदार हयात नसला किंवा फितूर झाला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून ते सिद्ध करता येते असेही सांगितले. म्हणूनच सापळ्यात नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात आणि नोटा घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात. द्रावण गुलाबी झाले की नोटांना हात लागल्याचा पुरावा मिळतो. मागणीचा पुरावा मात्र त्यातून मिळत नाही, तो वेगळा लागतो, आणि सापळ्याचे अनेक खटले तिथेच ढासळतात.

निवडणुकीच्या कायद्यात अर्थ आणखी रुंद आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ मधल्या भ्रष्ट आचरणांत लाचेबरोबर धर्म, वंश, जात, भाषा यांच्या नावाने मते मागणे आणि मतदारांना फुकट वाहनाने केंद्रावर नेणेही येते. तिथे घसरण मतदाराच्या मोकळ्या निवडीवरून मोजली आहे, तिजोरीवरून नव्हे.

कोणता शब्द कुठे

बातमी, तक्रार अर्ज किंवा माहिती अधिकारातला मजकूर लिहिताना नेमका शब्द निवडला तर काम सोपे होते. कामाच्या बदल्यात काही मागितले किंवा घेतले तर लाच लिहावे. कोणी, कोणत्या कामासाठी, कधी मागितले हे लगेच पुढे द्यावे. सोपवलेली रक्कम किंवा वस्तू स्वतःकडे वळवली तर अपहार. कौटिल्याचाच हा शब्द आज पोलिसांच्या कागदात जिवंत आहे, त्याला पर्याय शोधू नये. निविदा, मंजुरी, नोंदी यांत नियम मोडले पण कोणाला काय मिळाले हे अजून माहीत नसेल तर अनियमितता. व्यवहार संशयास्पद आहे आणि फायदा झाल्याचे दिसते, पण प्रकार ठरवता येत नाही, तर गैरव्यवहार. खासगी कंपनीतल्या नोकराने मालकाचे पैसे लांबवले तर अपहार किंवा विश्वासघात. तिथे 'भ्रष्टाचार' लिहिले की तक्रार भलत्याच खात्याकडे फिरत राहते, कारण लाचलुचपत प्रतिबंधक विभाग लोकसेवकांशी संबंधित गुन्हे पाहतो. नातेवाइकाला नोकरी लावणे, बदलीसाठी शब्द टाकणे याला वशिलेबाजी म्हणावे. त्यात लाभाची देवघेव दिसली तरच पुढे जावे.

'भ्रष्टाचार' हा शब्द या सगळ्यांच्या वर राहू द्यावा. अनेक प्रकार एकत्र आले, एखाद्या खात्याची सवयच तशी पडली, तेव्हा तो योग्य. एका कारकुनाने एकदा पैसे मागितले हे सांगताना 'लाच मागितली' यात आरोप जास्त स्पष्ट होतो. भ्रष्टाचार हा मोठा शब्द असल्याने आरोप वजनदार होतो असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो संदिग्ध होतो आणि समोरच्याला सुटायला जागा मिळते.

शेवटी लेखनाबद्दल. 'भ्रष्ठाचार' असे ठ घालून लिहिलेले फलकांवर आणि निवेदनांत सर्रास दिसते. ते चूक आहे. क्त प्रत्ययाच्या त पासून आलेला असेल तर ट : भ्रष्ट, नष्ट, दुष्ट, शिष्ट, इष्ट, स्पष्ट. 'सर्वात' असा अर्थ देणारा इष्ठ प्रत्यय असेल तर ठ : श्रेष्ठ, कनिष्ठ, ज्येष्ठ, वरिष्ठ. आणि स्था धातू असेल तरीही ठ : निष्ठा, प्रतिष्ठा, अनुष्ठान. 'वरिष्ठांचा भ्रष्टाचार' या दोन शब्दांत ठ आणि ट दोन्ही येतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.